चित्र काढायचे का?

गुरुजी : ...आणि बत्तीस पोरांनी 'हो' दाबलं. बत्तीस चित्रं गेली. तू माझा जुना विद्यार्थी, तुला खोटं कशाला सांगू?

सुदर्शन : पण धर्माजी गुरुजी, कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम आधी विचारतो. 'चित्र काढायचे का?' असं स्पष्ट विचारतो.

गुरुजी : चित्रकलेच्या तासाला इचारतो. पोरं काय नाय म्हणतील?

सुदर्शन : मूळ इंग्रजीत 'डिलीट' आहे. म्हणजे काढून टाकणे. बटणात मावेना, म्हणून मी 'टाकणे' काढून टाकलं, नुसतं 'काढा' ठेवलं.

गुरुजी : आणि शेजारच्या पेन्सिलीच्या बटणावर?

सुदर्शन : तिथंही 'काढा'. ती फाईल आमच्या गटातल्या वृषालीनं मराठीत आणली. पुण्यात आम्ही फायली वाटून घेतल्या होत्या. तिचंही बरोबर आहे, माझंही.

गुरुजी : चूक कुणाचीच न्हाई. मग दुरुस्त कोण करणार? बरं, एकदा 'हो' म्हटलं की ते परत इचारतंय, 'नक्की?' शहाण्या पोरांनी दोनदा 'हो' म्हटलं. सावळेरामचं चित्र तेवढं वाचलं. तो जन्मात कशाला हो म्हणत नाय.

सुदर्शन : मुलांना नवीन काढायला सांगा.

गुरुजी : सांगितलं. सगळ्यांनी काढली, सरूबाईची नात सोडून. हर्षाली. त्यांचा बैल बेल्ह्याच्या बाजारात विकला. घरात त्याचा फोटो नाय. पोरीनं आठ दिवस मधल्या सुट्टीत बसून, आठवून आठवून त्यो काढला व्हता. कपाळावरचा ठिपका, डावं मोडकं शिंग. शेपटीचा गोंडा राहिला, म्हणून 'काढा' दाबलं.

सुदर्शन : मी आत्ता शोधलं, गुरुजी. ते परत मिळणार नाही.

गुरुजी : ठाऊक हाय. त्यासाठी तुला बोलावलं न्हाई. उद्या घोडेगावच्या बैठकीत साठ शाळांना ह्याच सीड्या वाटणार ना तू?

सुदर्शन : एकेक सीडी घरी राइट केलीय, वर हातानं नाव लिहिलंय. आणि शब्द बदलायचा तर गटातल्या सगळ्यांना विचारावं लागतं. 'माऊस'ला मराठीत काय म्हणायचं, यावर तीन महिने गेले.

गुरुजी : काय ठरलं?

सुदर्शन : माऊस.

गुरुजी : मग उद्या वाटू नको.

सुदर्शन : फुकटची वस्तू म्हणून शाळा आधीच नाक मुरडतात. बैठक हुकली की पुन्हा वर्षभर कोणी बोलावणार नाही. आणि हे फुकट नाही, मुक्त सॉफ्टवेअर आहे.

गुरुजी : बैल बी मुक्तच झाला की राव.

सुदर्शन : (सीड्यांच्या खोक्याचं झाकण लावून) बरं. नाही वाटत. तुम्ही शब्द सांगा. 'मिटवा'?

गुरुजी : भांडण मिटवत्यात.

सुदर्शन : 'पुसा'?

गुरुजी : सरूबाईच्या तोंडी 'पुसा' म्हंजे इचारा.

सुदर्शन : मग हर्षालीलाच विचारा, त्या बटणाला काय नाव द्यावं.

गुरुजी : इचारलं सकाळी. म्हणाली, नाव कशाला, ते बटणच ठेवू नका.