हसताना अमेरिका, देताना पुणं

माझं गाव वेल्ह्याकडचं, शाळा चौथीपर्यंत, तीही मार खाऊन. बुधवार पेठेत एका रेडिओवाल्याकडं झाडू मारता मारता सोल्डर करायला शिकलो, आणि तेव्हापासून त्याच जिन्याखाली माझं टेबल हाय. मी उघडलेलं यंत्र मुकं परत गेलं नाही, हे छाती ठोकून सांगतो. आणि माझा एक नियम, काढलेला खराब पार्ट पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, पार्टचे पैसे वेगळे सांगायचे, हाताचे वेगळे. लपवाछपवी नाही.

तर पोरं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जायला लागली त्या वेळची गोष्ट. वारज्याचे एक मास्तर माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांचा मुलगा सुट्टीला आला तो तिकडचा अ‍ॅम्प्लिफायर बॅगेत घालून. म्हणाला, काका, तिकडे नुसतं उघडून बघायचे एवढे मागतात की त्यात नवा येईल. आतला आयसी, आवाज वाढवणारा तो काळा तुकडा, गेला होता. तो बाहेरून येतो, तिकडं जेवढ्याला तेवढ्यालाच इथं, उलट चार पैसे जास्तच. बसवला, वाजवून दाखवला, म्हटलं आयसीचे सहाशे, हाताचे ऐंशी. त्यानं दिले, आणि हसायला लागला. काय सांगू तुम्हाला, पोट धरून! ऐंशी रुपयांत तिकडे कॉफी येत नाही हो काका, तुमचा हात फारच चीप.

मी म्हटलं, आयसी सारखा, सोल्डर सारखं, मग माझाच हात स्वस्त का रे? तर मलाच शिकवतो, तिकडे कंपन्याच एवढा पगार देतात, की तेवढं मिळाल्याशिवाय न्हावीसुद्धा कात्री उचलत नाही. इथे सगळेच थोडक्या पैशात राबतात, जेवण स्वस्त, खोली स्वस्त. आयसी बोटीत बसून येतो-जातो काका, तुमचा हात जात नाही.

बरं, पटलं. म्हटलं, मग यंत्र तिकडचं, पगार तिकडचा, हाताचेही तिकडच्या भावानं दे. तर लगेच, अहो असं कसं, आपण पुण्यात आहोत ना!

डोकंच फिरलं माझं. सोल्डर सोडवलं, आयसी काढला, पुडीत बांधला. म्हटलं, हा तुझा, सहाशे दिलेस. हे ऐंशी घे परत, माझा हात मी काढून घेतला. बोटीत बसत नाही ना, मग तुझ्या बॅगेतही जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर यंत्र घेऊन आले, म्हणाले, अहो, पोर आहे. म्हटलं, बसा मास्तर, तुमच्यासाठी बसवतो, ऐंशीच द्या, पण हा अ‍ॅम्प्लिफायर तिकडं जायचा नाही, वारज्यातच वाजेल. अजून वाजतोय.

पण खोली स्वस्त म्हणाला होता ना तो? आता जाऊन विचारा वारज्यात खोलीचा भाव. असल्याच पोरांनी तिकडच्या पैशानं घरं घेऊन चढवला. खोली तिकडच्या भावाची झाली, हात राहिला इथल्याच भावाचा. असू दे, पोरं सुखात राहोत. फक्त माझ्या टेबलापुढं उभं राहून हसायचं नाही.