आंबेनळीचा उतार

रंगूबाई : सदू, वास येतोय. थांबव टेंपो.

सहदेव : आये, चालवतोय जलील. आणि वास कसला येणार?

रंगूबाई : तू असशील इंजिनिअरिंगचा प्राध्यापक. माझं नाक अठ्ठ्याहत्तर वर्षांचं हाय. करपलंय कायतरी.

जलील : ब्रेक तापल्यात, आजी. आंबेनळीचा उतार हाय, तापायचेच. पोलादपूरला निवतील.

सहदेव : ब्रेक? जलील, कडेला घे. आत्ता.

(वळणापुढे टेंपो थांबतो. सहदेव उतरून चाकाशी हात नेतो आणि चटका बसल्यासारखा मागे घेतो.)

सहदेव : अरे, इंजिनाला जोड म्हणून विजेची मोटार बसवली ती कशाला? उतारावर चाकांनी मोटार फिरवायची, बॅटरी भरायची. गाडी त्यानंच आवरते. ब्रेकला काम उरतच नाही.

जलील : म्हंजे आजपण भरली नाय?

सहदेव : महिनाभर नाही. कॉलेजात सगळं बरोबर, घाटात आणली की बॅटरीचा आकडा हलत नाही. उद्या कॉलेजच्या समितीपुढे हेच सांगायचं, आणि बावीस वर्षांचं काम गुंडाळायचं.

रंगूबाई : जर्मनीतली नोकरी सोडून आला हा. म्हणे, आमच्या घाटात चालंल अशी गाडी करतो.

सहदेव : आये, आता नको ना. जलील, उतार लागला की तू काय काय करतोस? एकेक सांग.

जलील : काय करणार? बिस्मिल्ला म्हणतो, न्यूट्रल करतो, ब्रेकवर पाय...

सहदेव : काय करतोस?

जलील : न्यूट्रल. अब्बांनी शिकवलंय. उताराला डिझेल कशाला जाळायचं? तुमचंच वाचवत होतो, सर.

सहदेव : अरे माणसा! न्यूट्रल केलीस की चाकं मोटारीपासून सुटली. भरणार कुठून?

जलील : या अल्ला. महिनाभर मीच? उद्या माझं नाव सांगणार काय तिथं?

सहदेव : तुझं कशाला? गिअरची नोंद ठेवायचं मला सुचलं नाही. कॉलेजच्या मैदानात उतारच नाही, तिथं कोण न्यूट्रल करतंय!

रंगूबाई : परवा बुवा कीर्तनात काय रंगून सांगत होते. लेकरू उताराला पळत सुटलं, तरी इठू बोट सोडत नाय. जलील, तूपण नको सोडू रे.

जलील : आजी, तुमच्या बुवांना ड्रायव्हिंग स्कूलात ठेवायला पायजे.

सहदेव : ब्रेक पुरते निवू देत, मग निघू. पण आये, पोलादपूरला तुला कीर्तन ऐकायचंय ना?

रंगूबाई : सुरुवातीचा अभंग चुकंल. चुकू दे. आज तुझ्याशेजारी बसते.

...

जलील : निवले, सर. घातली गिअरात. आयला, मागनं कोण धरतंय?

सहदेव : तीच मोटार. तू रस्ता बघ, आकडा मी बघतो. एकतीस.

जलील : हलला?

सहदेव : एकतीसच.

रंगूबाई : दम धर.

सहदेव : बत्तीस.

जलील : पुढं? सर, बोला की पुढं!

सहदेव : आये, तू वाच. मला दिसत नाहीये.

रंगूबाई : सरक जरा. तेहतीस हाय, सदू.