टाकीच्या तोंडावरचा बिल्ला

आमचं गाव जयगडच्या खाडीला लागून, वडील होड्यांना डांबर लावायचे, मी लोखंडाकडे वळलो, मुंबईच्या गोदीत वेल्डिंग शिकलो आणि दोन वर्षं पाणबुडीवर काम केलं. आतून ती कशी असते काय सांगू तुम्हाला, माणूस सरळ चालतच नाही, आडवा सरकतो. म्हणून तिथं नियम कडक, आत जाताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळीवर लटकवायचा, बाहेर आल्यावर आपणच काढायचा, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

आखातातलं युद्ध संपल्यावर मी शारजात आलो, एका यार्डात. आरमाराची करडी जहाजं दुरुस्तीला यायची, आम्ही त्यांच्या पोटातल्या टाक्यांचे पत्रे बदलायचो. बिल्ल्याचा नियम इथंही तोच. दत्ता माझ्याच खोलीत, आमच्या जयगडच्या खाडीपलीकडचा. मी कमी बोलतो म्हणून चिडवायचा, काय रे वश्या, तुझी पाणबुडी वर्षातून एकदा तरी वर येणार की नाही मेल्या? आणि माझा डबा आधी उघडायचा.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी सगळ्यांना पहिली बस हवी, पहिल्या बसला गेलं की फोनच्या बूथवर रांग लहान. तर आम्हा चार गाववाल्यांची पद्धतच पडून गेलेली, जो आधी बाहेर येईल त्यानं चौघांचे बिल्ले काढायचे आणि बसमध्ये जागा धरायची. ऑगस्टातल्या एका गुरुवारी मी आधी आलो. दत्ता मागोमाग शिडी चढत होता, मी डोळ्यांनी पाहिलं, चारही बिल्ले खिशात घातले आणि पळालो. तो बॅटरी विसरली म्हणून परत खाली उतरला, ते मला दिसलं नाही. टाकीच्या तोंडावरच्या पहारेकऱ्यानं फळी रिकामी बघितली, म्हणजे आत कोणी नाही, झाकण बसवलं, बोल्ट आवळले. फोरमन वरून घाई करत ओरडत होता, यल्ला, खलास करो.

मी त्याच्यासाठी खिडकीची जागा धरून बसलो होतो. कोणी म्हणालं, येईल मागच्या बसनं.

तासाभरानं त्या जहाजावरच्या एका खलाशाला पायाखाली ठोकल्याचा आवाज आला, म्हणून दत्ता वाचला. उन्हानं तापलेली लोखंडी टाकी, बाहेर काढला तेव्हा शुद्ध नव्हती. चार दिवस इस्पितळात.

नंतर ऑफिसात चौकशी झाली, आमची पद्धत कोणीच सांगितली नाही, चौघांचीही नोकरी गेली असती. दत्ता म्हणाला, साब, मैंने लगाया था. मी आधी बाहेर आलेला, म्हणून साहेबांनी मला विचारलं, बोर्ड पे था क्या? त्याचा बिल्ला तेव्हा माझ्या खिशात होता, मांडीला टोचत होता. मी म्हणालो, नहीं था साब. एवढंच. बिल्ला लावला नाही म्हणून त्याचा व्हिसा रद्द झाला. सामान बांधताना मला विचारतो, वश्या, मी लावलेला ना रे? मी म्हटलं, गडबडीत राहिला असेल, मी तीनच काढले. बिल्ला मी गोदीच्या पाण्यात टाकला.

पुढं गावची माणसं सांगायची, दत्ता बंद खोलीत झोपत नाही, पडवीतच झोपतो, आणि पोरांना सांगत बसतो, माझ्यासारखं विसरू नका, मी माझ्या हातानं मरत होतो. हे ऐकलं की मला जेवण जायचं नाही. तरी आठ वर्षं गेली.

गेल्या सुट्टीत गेलो त्याच्याकडे. तो अंगणात जाळं विणत होता. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं मारेल. तो घराकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, अगो ऐकलंस, मी विसरलो नव्हतो, मी लावलेला! त्याची बायको हात पुसत बाहेर आली, तर तिला परत तेच, मी लावलेला गो. म्हणताना रडत होता. माझ्याकडे बघितलंच नाही. वहिनी म्हणाली, भावोजी, तुम्ही आता जा.

मी आलो. अजून शारजातच आहे, त्याच कामावर. त्याचा फोन नाही, मीही करत नाही, माफी मागायला तोंडही नाही. ऐकतो की हल्ली तो पोरांना दुसरंच सांगतो, आपला बिल्ला दुसऱ्याला काढू देऊ नका, माझं नाव घेऊन सांगतो. सांगू दे. तो सुखी राहो.