नीलची जागा

कादंबरी : पोहे नकोत म्हटलं ना, आजी. ते साहेब दहालाच भेटणार आहेत. उशीर झाला तर म्हणतील, पोरीला गरजच नाही.

आजी : बस जरा. रिकाम्या पोटी कुठे हो म्हणायला जाऊ नये.

कादंबरी : मी हो म्हणणार आहे असं कोणी सांगितलं तुला?

आजी : नाही म्हणायला जाताना कोणी ड्रेसला इस्त्री करत नाही.

कादंबरी : ओके. हो म्हणणार आहे. बाबांच्या जागी घरातल्या एकाला घ्यायला कंपनी तयार आहे. आज शेवटचा दिवस, नंतर विसरा म्हणालेत. मग कोणीतरी जायला नको?

आजी : आणि कॉलेज? शेवटचं वर्ष तुझं.

कादंबरी : बोअर झालेय मी कॉलेजला. सिरियसली. सर स्लाइड वाचून दाखवतात, अर्धा वर्ग झोपलेला असतो. शाळेतली कल्पिता बघ ना, बारावीनंतर मॉलमध्ये लागली. काय लाइफ आहे तिची! शनिवारी पिक्चर, स्वतःच्या पैशाचे कपडे. जॉबमध्ये जी मजा आहे ना, ती कॉलेजात नाही यार.

आजी : आरशासमोर म्हणून पाहिलंस का हे?

कादंबरी : म्हणजे काय?

आजी : मी पाहिलं होतं. तुझ्याएवढीच होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सकाळी दाढी करता करता गेले. मी इंटरला होते. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर हवे होते. मी आईला सांगितलं, कॉलेजात काही राम नाही गं, नोकरीत मजा आहे.

कादंबरी : आणि होती ना? तूच सांगतेस सगळ्यांना. एक्स्चेंजच्या मैत्रिणी, डब्यांची अदलाबदल, दिवाळीला सगळ्यांनी मिळून केलेला चिवडा.

आजी : होतं की. तेही होतंच. पण कानाला तो हेडफोन लावला की मागे सुपरवायझर बाई उभ्या असायच्या. बाथरूमला जायचं तर हात वर करायचा, शाळेतल्या मुलीसारखा. परवानगी मिळेलच असं नाही. पाळी आली असेल तर रडू यायचं.

कादंबरी : हे कधी सांगितलं नाहीस.

आजी : चिवड्याचं सांगायला बरं वाटतं. कॉलेजात गॅदरिंगचं नाटक बसत होतं तेव्हा. मोठं काम होतं माझं. पाठ झालं होतं सगळं. संध्याकाळच्या तालमी संपल्या की आम्ही चौघी तलावपाळीवर जायचो, तळ्याच्या कठड्यावर बसून दोन भेळा घ्यायच्या आणि चौघींनी खायच्या. एवढंच. पण आजही त्या कठड्याजवळून रिक्षा गेली की मी दुसरीकडे बघते.

कादंबरी : मग नाटकाचं काय झालं?

आजी : माझं काम दुसरीने केलं. साडी मात्र माझीच मागून नेली. छान केलं म्हणे तिने.

कादंबरी : आणि तुझ्या आईला खरं वाटलं? की तुला नोकरीत मजा येते?

आजी : तिने मानलं. न मानून तिला परवडणार नव्हतं.

कादंबरी : तुझी गोष्ट वेगळी होती, आजी. मला लॅबमध्ये घेतील. केमिस्ट्री आहे माझी.

आजी : डिग्री हातात नाही. डिग्रीशिवाय लॅब नाही, पॅकिंगला बसवणार. रंगाच्या पावडरची पोती भरायची. तुझ्या बाबाच्या, माझ्या नीलच्या उशीचा अभ्रा आठवतो ना? कितीही धुतला तरी पिवळाच. तो तर मशीनवर होता. पॅकिंगमधल्यांचे तर कानसुद्धा पिवळे असतात.

कादंबरी : मग बसेन पॅकिंगला. नाहीतर आई जाईल! तुला कळत नाहीये का? बाबा ज्या शेडमध्ये स्फोटात गेले ना, त्याच्या अगदी समोर आहे पॅकिंग. तो पत्रा अजून तसाच लोंबतोय. आईला कुकरच्या शिट्टीने थरथरायला होतं. हॉलच्या खिडकीला अजून पुठ्ठा आहे, नवी काच लावू देत नाही ती. म्हणते, परत फुटेल. तिला तिथे पाठवायचं?

आजी : हळू बोल.

कादंबरी : मला काही कॉलेज सोडायची हौस नाहीये. प्रोजेक्टमध्ये आमच्या ग्रुपचं सिलेक्शन झालंय. पण आई तिथे जाणार नाही. बस. दे ती चप्पल इकडे.

आजी : बाळा, थांब.

कादंबरी : मघापासून तू मला नुसती थांबवतेयस. आधी पोहे, मग गोष्टी. आणि डिग्रीशिवाय लॅब नाही हे तुला कोणी सांगितलं?

आजी : त्या साहेबांनीच सांगितलं.

कादंबरी : तू कधी भेटलीस त्यांना?

आजी : मी नाही भेटले.

कादंबरी : आई कुठे आहे? आजी. सकाळी देवळात जाते म्हणाली.

आजी : काल जाऊन हो म्हणून आली ती. आज पहिली पाळी आहे. सात वाजता आत जावं लागतं.

कादंबरी : तुला माहीत होतं?

आजी : डबा मीच भरून दिला. नीलचाच डबा नेते म्हणाली. मी नको म्हटलं, दुसरा दिला.

कादंबरी : आणि तू जाऊ दिलंस तिला?

आजी : माझा मुलगा गेला तिथे. मला काय तिला पाठवायची हौस होती? पण तुम्हा दोघींपैकी एकीलाच मी थांबवू शकत होते. तिने हात धरून सांगितलं, आई, कादंबरी निघाली तर तिला बोलण्यात गुंतवा. मला दुसरं काय येतं आता?

कादंबरी : मी जाते आणि तिला घेऊन येते.

आजी : गेटवर तमाशा होईल, बाकी काही नाही. ती येणार नाही. तिने नोकरी घेतली ती तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून. तू आज कॉलेज बुडवलंस तर तिचा तिथला पहिला दिवसच फुकट गेला.

कादंबरी : मग मी काय करू?

आजी : तोंड धू. लेक्चरला जा.

कादंबरी : मला नाही लक्ष लागणार.

आजी : नको लागू दे. जाऊन बस नुसती. आणि ती घरी आली की कॉलेजातलं काहीतरी सांग तिला. हसण्यासारखं.

कादंबरी : आणि हसण्यासारखं काही घडलंच नाही तर?

आजी : तर बनवून सांग.