न चोरीला गेलेल्या कटर मशीनबाबत

नाव: केशरबाई बाजीराव रोकडे. वय: ५७ वर्षे. धंदा: घरकाम (हे मी खोडायला लावलं), सुतारकाम, फळीचं दुसरं टोक धरणे. राहणार: कळंब, ता. आंबेगाव, जि. पुणे.

मी आज आपण होऊन ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती बाजीराव, वय ६३, असे दोघेच राहतो. पती चाळीस वर्षे सुतारकाम करतात. त्यांच्या डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर वखारीतल्या मोठ्या मशीनवर गेलं आहे. त्या मशीनच्या पात्यावर झाकण नव्हतं.

चौदा एप्रिलला मुलगी घरी आली, तेव्हा तिने वडिलांसाठी टेबलावर ठेवायचं, उचलून नेता येणारं कटर मशीन आणलं. स्वस्तातलं आहे. खोकं उघडायच्या आधीच पती म्हणाले, "परत दे." मग आठ दिवस त्यांनी त्यावर आधी प्लाय, मग साग आणि माझी पाठ वळल्यावर ओली बाभूळ घालून पाहिली. बाभळीला मोटर दमली. बाकी कापतं सरळ. गाईड, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सारायचं ती पट्टी, पुढून घट्ट केली की मागून सरकते, म्हणून दोन्ही टोकांना मापाचा टेप लावावा लागतो. टेप मी धरते.

पात्यावरचं झाकण पतीने पहिल्याच दिवशी काढून खिळ्याला टांगलं. "झाकणानं रेघ दिसत न्हाई," असं कारण दिलं. मी तीन वेळा बोलले. लग्नाला अडतीस वर्षे झाली असल्याने चौथ्यांदा बोलले नाही.

डिंभ्याचे जानकू असवले हेही सुतार आहेत व हाताच्या करवतीवर काम करतात. आठवड्यातून दोनदा लाकूड घेऊन आमच्याकडे येतात. कापून झालं तरी एसटी येईपर्यंत बसतात, आणि त्या एसटीला वेळेशी काही देणंघेणं नाही. ते दर वेळी विचारतात, "भाऊ, मीबी घेऊ का असलं एखादं?" पती दर वेळी सांगतात, "नको रं. पोरांचं खेळणं हाय ह्ये." जानकू गेल्यावर तेच खेळणं पती स्वतःच्या टॉवेलने पुसतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सोमवारी सागाची पट्टी पात्यात अडकून मागे उसळली. ती पतीच्या पोटाजवळून गेली व तिने मागच्या हंड्याला पोचा पाडला. पती हसले. मी हसले नाही. हंडा अजून तसाच आहे.

मंगळवारी पती दाराचं माप घ्यायला मंचरला गेले. मी मशीन व झाकण गोधडीत गुंडाळून एसटीने लोणीला, वेल्डिंगचं काम करणारा माझा भाचा कपिल याच्याकडे नेलं. कंडक्टरला शिलाई मशीन असल्याचं सांगितलं. ते खोटं होतं. कपिल म्हणाला, "आत्या, झाकण असं बसवतो की परत निघायचंच न्हाई." रेघ दिसावी म्हणून त्याने झाकणात पारदर्शक तुकडा घातला. उशीर झाल्याने मी तिथेच राहिले. घरी चिठ्ठी ठेवली होती: "लोणीला जाते. भाकरी दुरडीत आहे." मशीनचं लिहिलं नाही, ही माझी चूक. लिहिलं असतं तर पती पुढच्या एसटीने मागे आले असते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "कवा येतीस?" एवढंच बोलले. मशीन गेल्याचं सांगितलं नाही. मला घोर लागू नये म्हणून, हे मला आज समजलं.

आज मशीन घेऊन घरी आले तेव्हा पती ठाण्यात असल्याचं शेजारून कळलं. तशीच मशीनसह इथे आले. एका बाकावर पती व दुसऱ्या बाकावर जानकू बसले होते. तुमच्या घरी कोण येतं, असं पोलिसांनी विचारल्यावर पतीने एकच नाव दिलं होतं. दुसरं कोणी येत नाही. त्यांचा जानकूवर संशय नव्हता व नाही.

हवालदारांनी पतीची तक्रार वाचली. त्यात "वजनाला हलकं, कापायला सरळ, माझ्या म्हातारपणाचा आधार असलेलं मशीन" असं लिहिलं आहे. ते ऐकून जानकू म्हणाले, "मला हितं बोलावलं त्याचं काय न्हाई, भाऊ. पर मला सांगताना खेळणं म्हणला, आन हितं आधार?"

पती खाली बघत म्हणाले, "तू घेतलं असतंस, तर माझ्याकडं कशाला आला असतास?"

मला फार वाईट वाटलं. जानकू उठून पतीच्या बाकावर जाऊन बसले.

असं मशीन घ्यावं का, हे हवालदारांनी मला त्यांच्या मेहुण्यासाठी विचारलं. माझं मत असं की, घ्यावं. प्लाय व सागाला पुरतं. सोबत आलेलं पातं बदलावं, ओली बाभूळ घालू नये, झाकण काढू नये आणि पलीकडचं टोक धरायला माणूस असावं. जानकू आता घेणार आहेत. गाईड लावून द्यायला पती पुढच्या गुरुवारी डिंभ्याला मुक्कामाला जातील.

मशीन मी नेलं होतं, चोरी झालेली नाही, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला व आम्ही तिघांनी ऐकला. पती डिंभ्याहून "संध्याकाळच्या एसटीने परत येतील" असं मी सांगितलं होतं. ते पतीने खोडून "मुक्कामाला जातील" असं करायला लावलं. जानकू यांची हरकत नाही. बाकी सर्व मी सांगितलं तसंच आणि खरं आहे.