आकाची रांग

जन्म माझा पलीकडचा, महाराष्ट्रातला, दोडामार्गाच्या बाजूचा. पलीकडचा म्हणजे खंय, तर मध्ये एक व्हाळ, उन्हाळ्यात साडी जरा वर धरली की माणूस ह्या राज्यातून त्या राज्यात. गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला तेव्हा मी पाळण्यात होते म्हणे. आम्ही दोघी भयणी, मी नि थोरली आका. बापूस गेला तशी दोघी डिचोलीच्या खाणीवर कामाक लागलो, घमेली भरायची, तोंडाक पदर, संध्याकाळी घरी येताना केसांपासून पायांपर्यंत तांबड्या. मग माका खाणीवरचाच घोव मिळाला, ट्रक चालवायचा, मी अलीकडे गोव्यात आले. आका गावातच दिली, पण काम तिचं खाणीवरच, ती बंद पडेपर्यंत. काय सांगू तुमका, तेवढाच फरक आमच्यात.

म्हातारपणी दोघींची छाती धरली. आकाच्या बाजूच्या दवाखान्यात छातीचा डॉक्टर कधी गावायचाच नाय, आज रजेवर, उद्या बदली, म्हणून मीच तिला इकडे मोठ्या हॉस्पिटलात न्यायची. बरं चाललं होतं हो. मग नियम आला, गोंयकारांची रांग वेगळी, भायल्यांची म्हणजे बाहेरच्यांची वेगळी, नि भायल्यांना पैसे. मी ह्या रांगेत, आका त्या रांगेत, मध्ये दोरी.

माझ्या पुढे पेडण्याची एक बाई होती, ती म्हणाली, बरं केलं सरकारान, ह्या भायल्यांनी खाटी अडवल्या, माझो घोव कालपासून जमनीर निजलाहा. खोटं नव्हतं ते, व्हरांड्यात चटईवर पडलेला तो माणूस मी येताना बघितलेला. तरी मी म्हटलं, बाये, ती थंय खोकता ती माझी भयण, तिच्या छातीत धूळ आहे ती ह्या डिचोलीचीच. तिने वळून आकाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, खरां गो, पण खाट एकच आसा, काय करूया?

आकाने सगळं ऐकलेलं. परतताना बसमध्ये म्हणाली, मी आता येवचंय नाय. कित्याक गो, मी विचारलं, तर म्हणते, थंय उभी रवलंय की वाटता कोणाच्या तरी ताटातला खातंय. मी हातापाया पडले, भाचे रागावले, पैसे भरतो म्हणाले, ती नाय ती नायच. शेवटी शेवटी आडवं होता येत नव्हतं तिला. भिंतीक टेकून बसायची, मी पाठ चोळायची. बसल्या बसल्याच गेली.

मी जाते अजून. डॉक्टर चांगला आहे, म्हणतो आजी, मोठा श्वास घ्या. घेते, जमेल तेवढा. आता तुम्ही विचारता नियम बरोबर की चूक. काय सांगू? कधी आकाची बाजू खरी वाटते, कधी त्या बाईची, नि विचार करायलासुद्धा दम लागतो हो. तिच्या घोवाला खाट मिळाली का, ते काय माका कळलं नाय. मिळालेली असो, देवा. बरा होऊन घरी गेलेला असो.