एका सहीवाचून

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय पाद्रीबाबा, व्यासपीठावर बसलेले कारखान्याचे मालक ब्रेटहाउअरसाहेब, भिंगं घासणारे सगळे सोबती आणि केक करून आणणाऱ्या माझ्या शेजारणींनो,

निरोप एखाद्या माणसाला देतात. आज आख्ख्या कारखान्याला द्यायचा आहे. बोलणार होते आमचे एगबर्ट. सकाळी म्हणाले, "वालबुर्गा, तूच बोल. मी उभा राहिलो तर प्रत्येक वाक्य तपासत बसेन."

तांदळाच्या दाण्याहून लहान भिंगं आपण करत होतो, रोग्याच्या पोटात घालायच्या दुर्बिणीसाठी. केवढा ओरखडा चालेल, ते गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. नव्या गिऱ्हाइकानं धास्तीपोटी लिहिलं, एकही चालणार नाही. साहेबांनी त्यावर सही केली. रागावू नका साहेब, दुसरं काम तरी कुठे होतं?

तपासायला आमचे हे. यंत्राखाली धरलं की प्रत्येक भिंगात काहीतरी सापडायचंच. साहेब वैतागायचे, "अरे एगबर्ट, इतकं मोठं करून पाहिलंस तर देवाच्या डोळ्यातही ओरखडा दिसेल!"

"देवाचं ड्रॉइंग माझ्याकडे आलेलं नाही," हे म्हणायचे. ऐकून मीच जीभ चावली.

शेवटी गिऱ्हाइकाकडचे ल्यूटकेसाहेब फोनवर म्हणाले, "अहो, साध्या डोळ्यांना दिसत नसेल तर द्या पाठवून."

"देतो की. तेवढं ड्रॉइंगवर लिहून सही करा."

ल्यूटकेंनी वरच्यांना विचारलं, वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना. तोंडानं सगळे हो म्हणाले, सहीला कुणी धजेना. आणि सहीशिवाय भिंग पाठवायला इथेही कुणाचा हात उठेना. चांगली भिंगं भंगाराच्या डब्यात पडत राहिली. मी रोज प्रार्थनेत ती सही मागत होते. पाद्रीबाबा, एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला त्रास द्यावा का? दिला खरा. आली नाही. काम गेलं, पाठोपाठ कारखाना.

यांनी हट्ट सोडला असता तर? मीही विचारलं. म्हणाले, "दुर्बीण कुणाच्या पोटात जाते, वालबुर्गा?" भिंगं चांगली होती, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तेच त्यांना जेवू देत नाही. मी पुसून ठेवलेला पाण्याचा पेला दिव्यासमोर धरतात, बघतात, न पिता खाली ठेवतात.

पुढे काय, ते मला विचारू नका. चर्चनं हॉल दिला, तुम्ही सगळे आलात, आभारी आहे. उरलेला केक घरी न्या, टाकू नका. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर साध्या डोळ्यांनी बघा आणि सोडून द्या. सही नको.